तृतीयपुरुषी एकवचनाचा एस

तांब्याचा गडू नळाखाली धरला की पाणी आधी तळावर आपटून फुटकं वाजतं, मग घुमतं, आणि गळ्यापर्यंत आलं की आवाज बारीक होत होत बंद पडतो. आमच्या घरात दिवस असा उजाडायचा. बनारसमध्ये लोक घंटांनी जागे होतात, मशिदीच्या अजानने जागे होतात, आम्ही गडूंनी जागे व्हायचो. मंगला गौरीच्या देवळामागच्या गल्लीत आमचं भाड्याचं घर होतं, खाली दोन खोल्या, वर दोन. खालच्या खोल्यांत महाराष्ट्रातून येणारे यात्रेकरू उतरायचे आणि वर आम्ही तिघं राहायचो, अण्णा, आई आणि मी. अण्णा, म्हणजे माझे वडील, या लोकांची श्राद्धं, पिंडदानं, गंगापूजन करायचे. परत जाताना प्रत्येकाला गंगेच्या पाण्याचा एक लहानसा गडू द्यायचे, तोंड लाखेने बंद केलेला. लोक तो कपाळाला लावून घ्यायचे, लुगड्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवायचे आणि घरच्या देवात नेऊन ठेवायचे, कुणाच्या तरी शेवटच्या घोटासाठी. तो गडू आमच्या चौकातल्या नळावर भरलेला असायचा. नळाला पाणी पहाटे यायचं आणि ऊन वर यायच्या आत जायचं, म्हणून घाई. गडू मी धरायची. अण्णा एकेक बाजूला ठेवायचे, आणि आई चुलीपाशी बसून लाख वितळवायची.

जळक्या लाखेचा वास गोडसर असतो, आणि त्याच चुलीवर मग मोहरीच्या तेलात बटाट्याची भाजी व्हायची. हे दोन वास माझ्या डोक्यात एकमेकांत असे मिसळून गेलेत की आजही कुणी मोहरीचं तेल तापवलं तर मला मळमळतं. बनारसमध्ये जन्म काढलेल्या बाईने हे म्हणू नये, पण खरं ते खरं. यात्रेकरूंनाही ते तेल चालायचं नाही. साताऱ्याकडची माणसं पहिल्याच घासाला थांबायची आणि विचारायची, "वहिनी, भाजीला हा कसला वास?" मग आई त्यांच्यासाठी शेंगदाण्याचं तेल वेगळं ठेवायला लागली. आमच्या मराठीलाही ते लोक असेच थबकायचे. आम्ही वहीला कॉपी म्हणायचो, भाजीला सब्जी, आणि मी तर "मला भूख लागली" असं सर्रास म्हणायची. पाहुण्यांच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. त्यांच्यासमोर बोलताना मला कायम वाटायचं, आपण चुकतोय, फक्त कुठे ते कळत नाही.

इंग्रजीत असं नव्हतं. इंग्रजीत कुठे चुकलं ते बोट ठेवून दाखवता यायचं. आमच्या मुलींच्या शाळेत सहावीला इंग्रजी सुरू झालं आणि बहनजींनी पहिल्याच महिन्यात प्रेझेंट इंडेफिनिट घेतला, म्हणजे साधा वर्तमानकाळ. त्या फळ्यावर छडी आपटून म्हणायच्या, "जिस वाक्य के अंत में ता है, ती है, ते हैं आए, वही." रोज घडणारी गोष्ट, सवयीची गोष्ट आणि कधी न बदलणारं सत्य, तिन्हींना हाच एक काळ. सूर्य पूर्वेला उगवतो, गाय दूध देते. मी, तू, आम्ही, ते, यांच्या क्रियापदाला काही लागत नाही. तो, ती किंवा एखादी वस्तू आली की मागे एस लावायचा. आय गो, पण ही गोज. मी हे घरी सांगितलं तेव्हा अण्णांना गंमत वाटली. म्हणाले, "संस्कृतात 'तो' पहिला, त्याला प्रथमपुरुषच म्हणतात. यांनी त्याला तिसऱ्या जागी बसवला आणि मागे शेपूट लावलं." मला मात्र ते शेपूट फार आवडलं. मी चालताना, भांडी घासताना, गडू धरताना मनात वाक्यं करायची. माय मदर कुक्स. माय फादर बेद्स. द काऊ स्टँड्स इन द लेन. जे दिसेल त्याला एस लावायची.

पुढे तीस वर्षं मी मुलींना हाच काळ शिकवला. दर वर्षी जुलैत छडीशिवाय, पण त्याच तीन ओळी. मुली उदाहरणं द्यायच्या, माझे वडील दुकानात जातात, माझे वडील पेपर वाचतात, आणि प्रत्येक वर्षी एखादी तरी भाबडी पोर असं काही बोलून जायची की मी घाईने पुढच्या बाकाकडे वळायची. त्या घाईचं कारण या प्रकरणात आहे. मी ते पुरतं कधी कुणाला सांगितलं नाही.

सातवीत असताना, कार्तिकाच्या आसपास, ताराकाकू आणि त्यांचा मुलगा आमच्याकडे उतरले. काकू साठीच्या, सातारा जिल्ह्यातल्या कुठल्याशा लहान गावच्या, हाडं मोठी आणि आवाज अगदी हलका. त्यांचे यजमान वर्षभर अंथरुणाला खिळले होते. तरुणपणी ते एकदा काशीला येऊन आमच्या घराजवळच्या पंचगंगा घाटावर नाहून गेले होते, आणि आता बोलणं जवळजवळ थांबल्यावर त्यांनी एवढंच मागितलं होतं, की तिथलं पाणी तोंडात पडू दे. म्हणून काकू आल्या होत्या. त्यांना नवऱ्याला सोडून येणं जड गेलं होतं, आणि त्या दर जेवणाला पहिला घास घेण्याआधी थोडा वेळ नुसत्या पानाकडे बघत बसायच्या. मला त्यांनी पहिल्याच दिवशी जवळ घेतलं. माझी वेणी सोडून डोक्याला तेल चोळत बसल्या आणि माझ्या "भूख लागली"ला हसल्या नाहीत. "भूक म्हण नाहीतर भूख म्हण, लागते ती एकच," असं म्हणाल्या. चार दिवस मी त्यांच्या पदराला धरून असायची.

मुलगा वसंतराव. गावच्या हायस्कुलात इंग्रजीचे मास्तर. गोरे, नीटनेटके, खिशाला दोन पेनं. त्यांच्या शाळेत हेडमास्तरची जागा रिकामी होणार होती, हे त्यांनी आल्या दिवशीच अण्णांना सांगितलं होतं, आणि त्यासाठी वेगळा संकल्पही सोडायला लावला होता. मी खऱ्या इंग्रजीच्या मास्तरांना एवढ्या जवळून कधी बघितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी दुपारी अण्णा घाटावर गेले होते, आई वर वाळवण उलटत होती, काकू आत पडल्या होत्या. मास्तर चौकातल्या खाटेवर बसले होते. मी कॉपी घेऊन गेले.

त्यांनी वही चाळली. "अक्षर चांगलं आहे," म्हणाले. "पण हे सगळं पुस्तकातलं. तुझं काही बोल बघू. वडिलांवर पाच वाक्यं. तृतीयपुरुषी एकवचन. एस विसरायचा नाही."

मी ताठ उभी राहिले. हात मागे बांधले.

"माय फादर गेट्स अप ॲट फोर," मी म्हटलं.

"व्हेरी गुड."

"ही बेद्स इन द गंगा. ही वेअर्स अ व्हाईट धोती. ही फिल्स द पॉट्स."

"छान. पाचवं?"

पाचवं मला सुचेना. नवीन क्रियापद आठवत नव्हतं, म्हणून मी चौथ्यालाच शेपूट जोडलं. "ही फिल्स द पॉट्स फ्रॉम द टॅप."

मास्तरांनी चौकातल्या नळाकडे बघितलं. त्याखाली दगडावर गडूंच्या बुडांचे गोल गोल डाग पडलेले होते. मग त्यांनी सावकाश विचारलं, "डझ ही फिल देम फ्रॉम द टॅप एव्हरी डे?" रोज नळावरच भरतात का?

प्रश्नार्थक वाक्य आम्हांला नुकतंच शिकवलेलं होतं. त्याचं छोटं उत्तर कसं द्यायचं तेही मला येत होतं. मी झटकन म्हटलं, "येस, ही डझ."

"डझ ही फिल देम फ्रॉम द रिव्हर?"

"नो, ही डझ नॉट फिल्स..."

"फिल," ते म्हणाले. "डझ आला की एस त्याच्याकडे गेला. क्रियापद मोकळं. पुन्हा म्हण."

"नो, ही डझ नॉट फिल देम फ्रॉम द रिव्हर."

"आता बरोबर," ते म्हणाले, आणि माझ्या डोक्यावर थोपटलं. मी आनंदाने लाल झाले होते. पाच वाक्यं, दोन प्रश्न, एकच चूक आणि तीही सुधारलेली. आपण काय सांगितलं याचा मला पत्ताच नव्हता. मला फक्त एस ऐकू येत होते. त्या बारा वर्षांच्या मुलीची मला दया यायला हवी, असं लोक म्हणतील. मला दया येत नाही. तिच्या त्या लाल झालेल्या तोंडाची मला आजही किळस येते.

संध्याकाळी दिवेलागणीला अण्णा परतले तेव्हा मास्तर त्यांना बाहेरच्या ओट्यावर घेऊन बसले. मी आतल्या बाजूला तांदूळ निवडत होते. भिंत पातळ होती. मास्तरांनी आवाज चढवला नाही. रोजच्या गप्पांसारखं बोलत होते.

"गुरुजी, पाणी नळाचं असतं म्हणे."

अण्णा म्हणाले, "कोण म्हणालं?"

"ते जाऊ द्या. लहान पोर आहे, तिला रागवू नका."

अण्णा खाकरले. "मास्तर, नळालाही गंगाच येते. तिचंच पाणी ओढतात, गाळतात, सोडतात. पूर्वी मी घाटावर भरत होतो. पाच-सहा महिन्यांत लोकांची पत्रं यायची. गडू उघडला, वास आला. एकाने तर अळ्या निघाल्या म्हणून कळवलं. मरणाऱ्या माणसाच्या तोंडात मी ते घालायला देऊ? गंगेचं पाणी नासत नाही असं सगळे म्हणतात. मग नासलं की ब्राह्मण खोटा ठरतो."

यात थोडं तथ्य होतं, हे मला तेव्हाही वाटलं. अण्णा एवढंच बोलून थांबले असते आणि मास्तर चिडले असते, तर मी दोघांचाही आदर करू शकले असते. मास्तर चिडले नाहीत.

"माझी काही तक्रार नाही," ते म्हणाले. "उलट स्वच्छ पाणी बरं. मला एवढंच हवंय की, शाळा कमिटीची माणसं आहेत, सरपंच आहेत, दोन-चार भावकीतले. प्रत्येकाला काशीहून काहीतरी न्यावं लागेल. पंचवीस गडू द्याल का? आणि आईला यातलं काही कळायची गरज नाही. ती भाविक आहे. तिला धक्का बसेल."

"पंचवीस," अण्णा म्हणाले.

"देणगी समजा."

"भरून ठेवतो," अण्णा म्हणाले. मग दोघं कचौड्यांच्या कुठल्याशा दुकानाबद्दल बोलायला लागले. मी निवडलेले आणि न निवडलेले तांदूळ एकत्र केले आणि पुन्हा पहिल्यापासून निवडायला बसले.

अण्णांनी मला मारलं नाही. जेवणं झाल्यावर त्यांनी माझं इंग्रजीचं पुस्तक आणि कॉपी उचलून वरच्या फडताळात ठेवली, जिथे माझा हात पोचत नव्हता. "घरचं बाहेर नेणारी भाषा आपल्याला नको," एवढंच म्हणाले. "बहनजींना मी सांगीन. इंग्रजीच्या तासाला तू शिवण घे." आई भांडी विसळत होती. तिने मान वर केली नाही. मी दुसऱ्या दिवशी पहाटे पंचवीस गडू धरले. एकेक भरताना आवाज तोच, आधी फुटका, मग घुमणारा, मग बारीक. पंचवीस वेळा. मास्तर दात घासत उभे होते आणि मोजत होते.

आजकाल आमच्या सोसायटीतली मुलं मोबाईलवर इंग्रजी शिकतात. परवा शेजारची आठ वर्षांची मुलगी माझ्याकडे वाक्यं घोकायला आली होती. एका चित्रात एक माणूस बादली भरत होता आणि खाली रिकामी जागा होती, ही डॅश द बकेट. तिने बरोबर भरलं आणि माझ्याकडे बघितलं. मी "शाबास" म्हटलं. मास्तरांनी थोपटलं होतं तसंच मी तिच्या डोक्यावर थोपटलं असतं, पण हात मध्येच मागे घेतला. तिला वाटलं असेल, म्हातारी विक्षिप्त आहे.

निघायच्या दिवशी सकाळी अण्णांनी काकूंना त्यांचा गडू दिला. रीतसर, मंत्र म्हणून, ओंजळीत. काकूंनी तो दोन्ही हातांनी कपाळाला लावला आणि तसाच धरून ठेवला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्या म्हणाल्या, "आता ते सुखाने जातील हो गुरुजी." अण्णा वर छताकडे बघत होते. मास्तर पिशवीची दोरी बांधत होते. आणि मी दाराशी उभी राहून तिघांकडे बघत होते. इतकी घाण मी त्यानंतर कुठल्या गटारात पाहिली नाही. दोन शिकलेली माणसं, एक संस्कृत जाणणारा, एक इंग्रजी, आणि त्यांच्या मधोमध एक अडाणी बाई नळाचं पाणी छातीशी धरून रडत होती.

गाडी दुपारची होती. मास्तर स्टेशनसाठी रिक्षा बघायला मोठ्या रस्त्यावर गेले, अण्णा दुसऱ्या यात्रेकरूंकडे. काकू मला म्हणाल्या, "चल इंदू, एकदा शेवटचं दर्शन घेऊन येऊ गंगेचं." गडू त्यांनी पदराखाली घेतला होता. ट्रंकेत ठेवायला त्यांचं मन धजेना. आम्ही गल्लीतून निघालो. घाटाच्या पायऱ्या सुरू होतात तिथे, वरच्या मशिदीच्या भिंतीखाली, मी थांबले.

"काकू," मी म्हटलं, "ते पाणी नळाचं आहे."

त्यांना नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. त्या पुढची पायरी उतरल्या. मग वळल्या. "कोण सांगतं?"

"मीच भरते. रोज. तुमचा पण मीच भरला."

त्या रागावल्या नाहीत. त्यांनी गडू पदराखालून बाहेर काढला, त्याच्या तोंडावरच्या लाखेवर अंगठा फिरवला. मग त्यांनी जे विचारलं ते मी अपेक्षिलं नव्हतं.

"वसंताला ठाऊक आहे?"

मी खाली बघितलं. माझ्या पायांच्या बोटांमध्ये ओली माती होती.

"इंदू, मी विचारते आहे."

"हो."

त्या तिथेच पायरीवर बसल्या. लोक वरखाली जात होते, त्यांना ओलांडून. एका बाईने "माई, तबीयत ठीक है?" असं विचारलं. काकूंना हिंदी कळत नसावी, किंवा ऐकूच आलं नसावं. बऱ्याच वेळाने त्या उठल्या, दगडावर गडूचं तोंड आपटून लाख फोडली आणि पाणी पायरीवर ओतलं. ते चटकन वाळलं. मग त्या खाली उतरायला लागल्या. पंचगंगेच्या पायऱ्या उभ्या आहेत आणि त्यांचे गुडघे दुखत होते, तरी माझा हात त्यांनी धरला नाही.

खाली पाणी उतरलं होतं. काठाशी कुजलेल्या झेंडूचा थर, त्यात कागदाचे द्रोण, तुपकट फेस. बाजूच्या भिंतीतून नाला येत होता आणि त्याचं काळं पाणी पायऱ्यांच्या कडेने नदीत पसरत होतं. दोन होड्यांच्या मध्ये वासराचं धूड अडकलं होतं, फुगलेलं, आणि एक नावाडी बांबूने ते पलीकडे ढकलत होता. मी नाकाला ओढणी लावली. नावाड्याने काकूंच्या हातातला गडू बघितला आणि म्हणाला, "माई, बीच धार से भर लाएँ? यहाँ का मत लीजिए."

मी त्यांना ते मराठीत सांगितलं. काकूंनी मान हलवली. "त्यांनी पंचगंगेचं सांगितलंय," त्या म्हणाल्या. "मधलं नको." आणि त्यांनी पाण्यात दोन पायऱ्या जाऊन, हाताने झेंडू बाजूला सारून गडू बुडवला. वर काढला तेव्हा त्याच्या बाहेरून एक काळसर ओघळ खाली आला. त्यांनी गडू नाकाशी नेला. त्यांचं तोंड आवळलं. मला वाटलं, आता ओततील. त्यांनी ओतला नाही.

घरी आलो तेव्हा आई चुलीपाशी होती. काकूंनी तो उघडा, ठिबकणारा गडू तिच्यापुढे ठेवला. आईने त्यात वाकून बघितलं, मग काकूंकडे, मग माझ्याकडे. तिने लाख विस्तवावर धरली आणि त्याचं तोंड बंद केलं, नेहमीपेक्षा जाड. मास्तर पंचवीस गडूंची पेटी रिक्षात चढवत होते. "आई, चल, उशीर होतोय," ते म्हणाले. काकू त्यांच्याशेजारी न बसता मागच्या रिक्षात सामानाबरोबर बसल्या. मला त्यांनी "येते हं" म्हटलं. डोक्यावरून हात फिरवला नाही.

थंडी सरता सरता मास्तरांचं पत्र आलं. अण्णांनी ते जेवताना मोठ्याने वाचलं, कारण त्यात त्यांची स्तुती होती. मास्तरांचे वडील गेले होते. आईने आपल्या हाताने त्यांना पाणी पाजलं. पण तिच्या गडूला उघडताक्षणी असा वास सुटला की खोलीतली माणसं बाहेर आली, आणि दोन घोट गेल्यावर वडिलांना उलटी झाली. ते त्यानंतर तीन दिवसांनी गेले. गावात सगळे म्हणाले, म्हातारीला घाटावर कुणीतरी ठकवलं. गुरुजींचं सोडून तिने बाहेरून आणलं, तिला काय कळतंय. दिवसकार्य झाल्यावर कमिटीच्या अध्यक्षांनी खात्री करायला आपला गडू फोडला. पाणी काचेसारखं. महिन्याभराने सरपंचांनी फोडला, तोही तसाच. आता आसपासच्या गावांतून मागणी आहे, खरं गंगाजळ फक्त तुमच्याकडचं. सध्या चाळीस पाठवावेत. हेडमास्तरच्या जागेचं जवळजवळ नक्की आहे. आई हल्ली कुणाशी फारशी बोलत नाही.

अण्णांनी तिथे थांबून पाणी प्यायलं. मी भातात बोटं घालून बसले होते. भात गार होऊन चिकट झाला होता. काकूंना सगळं ठाऊक होतं. गावासमोर एक वाक्य बोलल्या असत्या तर मुलाची जागा गेली असती. म्हणून खोटं पाणी आणणारी वेडी म्हातारी व्हायचं त्यांनी पत्करलं. हे मला तेव्हा इतक्या शब्दांत कळलं नसेल. पण उठल्यावर तो भात मी गल्लीतल्या गाईपुढे नेऊन टाकला, हे पक्कं आठवतं.

पत्राच्या शेवटी आणखी दोन ओळी होत्या. मुंबईच्या पाहुण्यांना द्यायचे तर गडूवर एखादी इंग्रजी चिठ्ठी असलेली बरी, लोकांचा विश्वास बसतो. इंदूला लिहायला सांगावं, तिचं व्याकरण पक्कं आहे.

अण्णांनी फडताळातून पुस्तक आणि कॉपी काढून माझ्यासमोर ठेवली. वर धूळ बसली होती, ती त्यांनी उपरण्याने पुसली. "उद्यापासून इंग्रजीच्या तासाला बसत जा," ते म्हणाले. "आधी या चिठ्ठ्या कर. दोन वाक्यं पुरेत."

मी नाही म्हणू शकले असते. बारा वर्षांची मुलगी काय नाही म्हणणार, असं माझे यजमान म्हणायचे, मी त्यांना हे अर्धवट सांगितलं होतं तेव्हा. पण मला ठाऊक आहे, मला ते पुस्तक हवं होतं. सगळा हिवाळा मी शिवणाच्या तासाला बसून भिंतीपलीकडून येणारी वाक्यं ऐकत होते. मी पुस्तक घेतलं. रेघा मारल्या, कागदाच्या चाळीस पट्ट्या कापल्या आणि दौत उघडली. धिस वॉटर कम्स फ्रॉम पंचगंगा घाट. इट डझ नॉट स्पॉईल. कम्सला एस, स्पॉईलला नाही, कारण तो डझने घेतला. चाळीस वेळा लिहिलं. एकही खाडाखोड नाही. पुढे मी शिकले, बी.ए. झाले, नोकरी लागली, आणि त्या सगळ्याची सुरुवात या चाळीस पट्ट्यांपासून झाली, हे मी निरोप समारंभात सांगितलं नाही.

आई खळ शिजवून घेऊन आली. तिला इंग्रजी येत नव्हतं. एक पट्टी उचलून तिने उजेडात धरली, जशी काही आरपार दिसणार होती.

"काय लिहिलंयस?" तिने विचारलं.

मी तिला दोन्ही वाक्यं मराठीत सांगितली. हे पाणी पंचगंगा घाटावरचं आहे. हे नासत नाही.

तिने पट्टीच्या मागे बोटाने खळ लावली. "यातलं खरं काही आहे का?"

"दुसरं वाक्य खरं आहे," मी म्हटलं.

आईने पट्टी गडूवर चिकटवली, अंगठ्याने दाबून धरली, आणि पुढची मागायला हात पुढे केला. मी ती दिली.